पावतीपुस्तक कुठे आहे?

२०२४च्या जानेवारीतली दुपार. अंगणवाडी सेविकांचा संप महिना ओलांडून गेला होता. आझाद मैदानात सतरंज्यांवर डबे उघडले होते, माइकवरून घोषणा चालू होत्या. मी तेव्हा एका छोट्या मराठी पोर्टलसाठी काम करायचो. परभणीकडच्या एका ताईंनी मोबाइलसमोर आठ मिनिटं न थांबता सांगितलं: मानधन किती, आहाराचं बिल किती महिन्यांनी निघतं, अ‍ॅपमध्ये नोंद झाली नाही की सुपरवायझर काय बोलते. झाल्यावर त्यांनी विचारलं, "दादा, हे कुठं बघायला भेटंल?"

यूट्यूबवर, म्हटलं. वेबसाइटवरही.

"पैसे किती पडतात?"

काहीच नाही.

"मग तुमचं चालतं कशावर?"

लोक मदत करतात, असं मी जरा अडखळतच सांगितलं आणि गळ्यातल्या कार्डावरचा क्यूआर कोड दाखवला. ताईंनी कमरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढली. "मोबाइलवरून नाही देता येत. हे घ्या. पावती द्या."

माझ्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. ताईंनी नोट परत घडी करून पिशवीत ठेवली. रागाने नाही, अगदी सहज. "पावतीबिगर कसं देऊ? माझ्या एकटीचे नाहीत हे. बीटमधल्या सगळ्यांनी येण्या-जाण्याला काढलेत. हिशेब द्यावा लागतो." बीट म्हणजे एका सुपरवायझरच्या हाताखालच्या अंगणवाड्यांचा गट.

इंटरनेटवर डावी, चळवळींच्या बाजूने बोलणारी माध्यमं का टिकत नाहीत यावर मी बरीच चर्चासत्रं ऐकली आहेत. सत्ताधारी, भांडवल, अल्गोरिदम, ट्रोल ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्या दिवसानंतर मला या यादीच्या वर आमचंच एक कारण दिसतं. ज्यांच्या बाजूने आम्ही बोलतो त्यांच्याकडे आम्ही कधी पैसे मागितले नाहीत, त्यामुळे त्यांना आम्हाला हिशेब विचारण्याचा हक्कही मिळाला नाही.

आमचं पोर्टल त्याच वर्षी बंद पडलं. आठवड्याला दहाएक मजकूर जायचे, त्यातले आठ लेख. म्हणजे मतं. फॅसिझमवर, नवउदारमतवादावर, संविधानावर, कुणाच्या तरी जयंतीवर. उरलेल्या दोन बातम्यांतली एक कुठल्या तरी इंग्रजी संकेतस्थळावरून घेतलेली. सर्व्हरचं बिल थकलं, मग डोमेनची मुदत संपली. आज त्या पत्त्यावर गेलं तर ऑनलाइन रमीची जाहिरात येते. १९२०चा 'मूकनायक' आणि १९२७चा 'बहिष्कृत भारत' आज ग्रंथरूपात हातात घेऊन वाचता येतात. आमचा २०२२चा मजकूर आमच्यापैकी कुणाकडेही धड नाही.

या दोन नावांचा उल्लेख सवयीने केलेला नाही. महाराष्ट्रात 'स्वतंत्र माध्यम' हा शब्द कुणी वापरत नव्हतं तेव्हापासून ते काढण्याची इथे परंपरा आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये पुण्यात 'दीनबंधु' सुरू केलं आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत गिरणी कामगारांचं पत्र केलं. १८९०मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तिच्यामागे सभा होत्या, अर्ज होते, सह्या होत्या आणि आठवड्याला निघणारं एक पत्र होतं. मुकुंदराव पाटलांनी १९१०पासून 'दीनमित्र' चालवला तो नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून, आणि चालवला तो पन्नासहून अधिक वर्षं. वीज नाही, पक्की सडक नाही, जाहिरातदार तर दूरच. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, तरीही ते तीन-साडेतीन वर्षांत बंद पडलं. 'बहिष्कृत भारत'च्या वेळी बाबासाहेबांनी वाचकांसमोर सरळ हिशेब मांडला. अंकाचे रकानेच्या रकाने आपण एकट्याने लिहून काढतो, त्याचा एक पैसाही घेत नाही, मग या पत्राचं ऋण समाजाने फेडायला नको का, असा त्या लिखाणाचा रोख होता. तेही पत्र १९२९मध्ये थांबलं.

यातून 'बघा, तेव्हाही पैसे नव्हते' असा दिलासा घेणाऱ्यांची मला भीती वाटते. मला त्यात दुसरं दिसतं. एका राजाची देणगी पत्र सुरू करायला पुरली, चालवायला पुरली नाही. आणि वाचकांपुढे हात पसरणं बाबासाहेबांना कमीपणाचं वाटलं नाही. आम्हाला मात्र वाटतं. आमच्या प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी 'शक्य असल्यास सहकार्य करा' असं काहीतरी पुटपुटलं जायचं. गल्लीतलं गणपती मंडळ याहून जास्त आत्मविश्वासाने दार वाजवतं.

पैसा कुठून येतो यावर पुढचं बरंच काही ठरतं, म्हणून थोडं त्यावरच थांबतो.

पहिला रस्ता मोठ्या देणगीदाराचा. 'न्यूजक्लिक' हे २००९पासून चाललेलं, कामगार-शेतकरी आंदोलनांच्या बातम्या सातत्याने देणारं दिल्लीतलं संकेतस्थळ. परदेशातल्या एका श्रीमंत माणसाशी निगडित गुंतवणुकीवरून त्याच्यावर चिनी प्रचाराचा आरोप झाला. संस्थेने तो नाकारला. ३ ऑक्टोबर २०२३ला पहाटे पोलीस अनेक पत्रकारांच्या घरी पोचले, लॅपटॉप-मोबाइल उचलून नेले, संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. १५ मे २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणं लेखी दिलीच नव्हती. कारवाई सूडाची होती असं माझं मत आहे. तरीही त्यातून आपल्या व्यवहारासाठी एक धडा निघतो. सगळा भार एका खांबावर असला की तो एक खांब हलवला तरी पुरतं. पाच हजार माणसांनी दिलेल्या पन्नास-पन्नास रुपयांवर 'परकीय हात' असा शिक्का मारणं जड जातं. अशक्य नाही, जड जातं. जुलै २०२५मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकात 'कडव्या डाव्या' संघटना हा शब्दप्रयोगच आहे, तेव्हा महाराष्ट्रात हा व्यवहार आणखी चोख ठेवावा लागणार.

परदेशातल्या मराठी माणसांवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. न्यू जर्सीतला जो मित्र प्रत्येक लेख आवडीने पुढे पाठवतो, त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर त्याची देणगी परकीय ठरते, आणि बातम्या देणाऱ्या संस्थेला परकीय देणगी घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याची चालते. आमच्याकडे हा फरक कुणालाच ठाऊक नव्हता. एकदा आलेले पैसे परत पाठवताना कळला.

दुसरा रस्ता यूट्यूबचा. इथे मी तक्रार करणार नाही, कारण एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेल्यावर रवीश कुमार बाहेर पडले आणि लाखो लोकांपर्यंत पोचत राहिले ते याच माध्यमामुळे. मराठीतही काही निर्भीड पत्रकार एकट्याच्या बळावर असे उभे आहेत. पण यूट्यूब चेहऱ्याला पैसे देतं, संस्थेला नाही. रोज एक विषय, लाल बाण असलेलं थंबनेल, 'मोठी खळबळ', 'यांची झोप उडाली'. दिवसभर टीव्हीवर जे चाललं त्यावर संध्याकाळी संताप. म्हणजे विषय त्यांनीच ठरवायचा, आपण फक्त उलट बाजूने ओरडायचं. गडचिरोलीला तीन दिवस जाऊन केलेला व्हिडिओ आणि खुर्चीत बसून पंधरा मिनिटांत केलेला व्हिडिओ, यांत दुसरा जास्त चालतो हे कळायला एक महिना पुरतो. मग तिसऱ्या महिन्यात गडचिरोलीला कोण जाईल? आणि चॅनेल एका आदेशावर बंद होऊ शकतं. २०२४-२५मध्ये 'बोलता हिंदुस्तान', '४पीएम' यांच्या बाबतीत ते घडलं. स्वतःची वेबसाइट असणंही पुरेसं नाही. मे २०२५मध्ये 'द वायर'चं संकेतस्थळच देशात उघडेनासं झालं होतं.

आता मूळ दुखण्याकडे. समजा उद्या पैसे आले. तर त्यांतून काय उभं करायचं?

बातमी. मत नव्हे. मत स्वस्त असतं आणि डाव्यांकडे ते मुबलक आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जात होती. खाडा झाला की दंड, म्हणून पाळीच नको, आणि त्या नडीवर चालणारे दवाखाने. डाव्या राजकारणाने ज्याला श्रमाचं शोषण म्हणावं, त्याचं याहून उघडं उदाहरण कुठलं? ही बातमी देशभर गाजली २०१९च्या एप्रिलमध्ये, एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकातून. मराठीतल्या आम्हा पुरोगामी संकेतस्थळांनी त्यानंतर लेख लिहिले. चांगले लिहिले. पण बीडला जाणारी एसटी पकडली होती दुसऱ्याने.

दुसरं उदाहरण लाँग मार्चचं. मार्च २०१८मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली नाशिकहून निघालेले शेतकरी, त्यांतले बहुसंख्य आदिवासी, सहा दिवस चालत मुंबईत आले. पहिले काही दिवस बहुतेक वाहिन्यांना त्याचा पत्ता नव्हता. कसारा घाटातल्या लाल टोप्यांच्या रांगेची छायाचित्रं मोबाइलवरून फिरली आणि मग ओबी व्हॅन धावल्या. दहावीच्या मुलांना परीक्षेला अडचण नको म्हणून मोर्चेकरी रात्रीतून आझाद मैदानात चालत गेले, तेव्हा सारी मुंबई हळहळली. छोट्या डिजिटल माध्यमांचं ते यशच होतं, आणि पी. साईनाथ यांच्या 'पारी'सारख्या संस्थेने तेव्हा चालणाऱ्यांबरोबर राहून केलेलं काम आजही वाचण्यासारखं आहे. पण नंतर? वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं सरकारने म्हटलं होतं. सातव्या महिन्यात सुरगाण्यात किती दावे पडून होते? दाव्यातले चार एकर सातबाऱ्यावर किती गुंठे होऊन उतरले? हे विचारायला प्रांत कार्यालयात कोण गेलं? पुन्हा २०१९ला मोर्चा निघाला, पुन्हा २०२३ला. दर वेळी आम्ही पायांच्या फोडांचे फोटो काढले. फोडांना लाइक मिळतात, फायलीला मिळत नाहीत.

मला वाटतं डाव्या माध्यमाचं खरं काम त्या फायलीतच आहे. एक तालुका, एक योजना, एक कारखाना धरायचा आणि तो सोडायचा नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, तीस दिवस मोजायचे, मग अपील. हे कंटाळवाणं आहे आणि यूट्यूबवर मरतं. म्हणूनच ते वर्गणीवरच चालू शकतं. ज्याचा दावा त्या फायलीत आहे त्याला ती बातमी कंटाळवाणी वाटत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. गरिबाकडून पैसे मागणार? वर्गणी भरतील ते शेवटी कोथरूडचे निवृत्त प्राध्यापक आणि दादरचे बँकवाले, म्हणजे पुन्हा त्यांच्याच आवडीचे लेख. हे होऊ शकतं. आमच्याकडे जे चार पैसे यायचे ते तिथूनच यायचे, आणि त्यांच्या फर्माइशी सहसा 'सावरकरांवर एक खणखणीत लेख होऊन जाऊ दे' अशा असायच्या. पण हिशेब मांडून बघू. जिल्ह्यांत तीन वार्ताहर, प्रत्येकी पंचवीस हजार. एक संपादक पस्तीस, तांत्रिक बाजू आणि व्हिडिओ बघणारा एक जण तीस. प्रवास, सर्व्हर आणि वकील यांना मिळून चाळीस. महिन्याला १ लाख ८० हजार. पन्नास रुपयांप्रमाणे ३,६०० वर्गणीदार. राज्यात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस दोन लाखांच्या घरात आहेत. आशा ताई, एसटी कामगार, कंत्राटी सफाई कामगार, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक वेगळेच. माणशी पन्नास जड आहेत हे मान्य. पण त्या ताईंचे शंभर रुपये बीटचे होते. पन्नासाची एक वर्गणी अख्ख्या बीटने मिळून भरली आणि बीटमध्ये पंचवीस अंगणवाड्या धरल्या, तर सेविकेमागे महिन्याला दोन रुपये पडतात. वर्गणीदार म्हणजे एक माणूस, हे आपण शहरातून आणलेलं गृहीतक आहे. चावडीवर एक अंक यायचा आणि वीस जण ऐकायचे, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

शिवाय वर्गणी म्हणजे कुलूप नव्हे. बर्लिनचं 'टाझ' हे डावं दैनिक १९७९पासून निघतं आणि १९९२पासून सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. वीस हजारांवर सभासद, भाग कितीही असले तरी मत एकच. त्यांचं संकेतस्थळ सगळ्यांना मोफत खुलं असतं, ज्याला परवडतं तो आपखुशीने भरतो. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आठवड्याच्या दिवसांचा छापील अंक बंद केला आणि तरीही ते उभे आहेत. आता सहकाराची गोष्ट महाराष्ट्राला जर्मनीतून शिकवायची म्हणजे जरा हसूच येतं. प्रवरेला शेतकऱ्यांचे भाग गोळा करून साखर कारखाना उभा राहिला त्याला पाऊणशे वर्षं झाली. पुढे त्याच सहकारातून काय काय निघालं तेही आपण बघितलं, त्यामुळे सभासद म्हणजे आपोआप लोकशाही असा भाबडेपणा मी तरी धरणार नाही. पण भाग, सभासद, वार्षिक सभा, लेखापरीक्षण हे शब्द इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. 'क्राउडफंडिंग' सांगावं लागतं.

ऑनलाइन वर्गणीची तांत्रिक गंमतही आहे. दरमहा आपोआप पैसे कापले जाण्याची सोय १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांखाली आली. ग्राहकाच्या हिताचाच नियम, पण जुन्या कार्डांवरची परवानगी नव्याने घ्यावी लागली आणि आमच्या चाळीस नियमित देणगीदारांपैकी अकरा उरले. बाकीचे रागावले नव्हते, त्यांना कळलंही नव्हतं. आमच्याकडे त्यांचे फोन नंबर नव्हते म्हणून आम्ही विचारू शकलो नाही. पोस्टाने अंक पाठवणाऱ्या प्रत्येक जुन्या साप्ताहिकाकडे वर्गणीदारांच्या पत्त्यांची वही असायची. वही आपली असते. फॉलोअर आपले नसतात.

मग संघटनांचं काय? एकगठ्ठा वर्गणी युनियनकडूनच येईल आणि युनियनवर टीका करायची वेळ आली की पंचाईत होईल. डाव्या पक्षांची स्वतःची मुखपत्रं आहेत, ती असावीतच, 'जीवनमार्ग'सारख्या पत्राकडून कुणी तटस्थतेची अपेक्षा करत नाही. पण स्वतंत्र म्हणवणाऱ्याला पक्षापासूनही अंतर हवं. माझ्या मते एकाच ठिकाणाहून दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेऊ नयेत, मग ती संघटना कितीही आपली असो. दर तीन महिन्यांनी जमाखर्च पहिल्या पानावर टाकावा. आणि संपादकाला ठरावीक मुदत द्यावी, त्या काळात त्याला काढता येणार नाही. मैदानातल्या त्या मंडपात मी एका पुढाऱ्याने सेविकांना बोलूच न दिल्याचंही पाहिलं होतं. ते आम्ही छापलं नाही. 'चळवळीचं नुकसान होईल' हे वाक्य मीच उच्चारलं होतं.

याच सुरात अजून एक. कंत्राटी कामगारांच्या वेतनावर अग्रलेख लिहिणाऱ्या आमच्या कार्यालयात तीन मुलं बिनपगारी होती. त्याला आम्ही 'कार्यकर्ता' म्हणायचो. बिनपगारी काम कोण करू शकतं? ज्याच्या घरी पुण्यात फ्लॅट आहे आणि वडिलांचं पेन्शन चालू आहे तो. जालन्याहून आलेली, मातंग समाजातली एक मुलगी आमच्यातली सगळ्यात चांगली वार्ताहर होती. पाच महिन्यांत तिने कॉल सेंटरची नोकरी धरली. मग संपादकीय बैठकीत उरले कोण ते सांगायला नको. आपल्या लोकांचं दुःख मांडायला आपलं पत्र हवं, हे 'मूकनायक'च्या मुळाशी होतं. शंभर वर्षांनी आमची बैठक पुन्हा त्यांच्याविषयी बोलणाऱ्यांची झाली, आणि कारण वैचारिक नव्हतं, पगाराचं होतं.

राहिली भाषा. ती आठ मिनिटांची मुलाखत मी दीड हजार शब्दांच्या लेखात बदलली होती, त्यात 'सामाजिक पुनरुत्पादनाचं श्रम' हा शब्दप्रयोग होता. लेखाची लिंक ताईंना पाठवली. दोन दिवसांनी त्यांचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, वाचायला वेळ नाही झाला. तुम्हीच बोलून पाठवा की, पोळ्या करताना ऐकते." आम्ही तिघांनी मिळून चार मिनिटांचा ऑडिओ केला. मंडपातला आवाज तसाच ठेवला, मध्ये मानधनाचे आकडे सांगितले. वेबसाइटवर त्या लेखाला दोनशे दहा वाचक मिळाले होते. तो ऑडिओ मला आठवड्याभराने माझ्या मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर आला, वर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' लिहिलेलं. त्यात कुठेही आमच्या पोर्टलचं नाव नव्हतं. टाकायचं सुचलंच नव्हतं.

आता आम्ही चौघं पुन्हा काहीतरी सुरू करायच्या बेतात आहोत. नाव ठरलेलं नाही, जिल्हे दोन ठरलेत. परवा दादरला एका स्टेशनरीच्या दुकानातून पन्नास पानांची, कार्बन घालायची तीन पावतीपुस्तकं आणली. दुकानदाराने विचारलं, "कुठलं मंडळ?"